रोजचाच डोस

मी आळशीराव बोलतोय. हळू बोलतोय, कारण श्वास पुरेनासा झालाय. जरा कान जवळ आणा.

मी पांढरा उंदीर, प्रयोगशाळेतच जन्मलो. प्रयोग करणाऱ्या मॅडमच्या लेखी मी म्हणजे ओळखीसाठी शेपटीवर काढलेल्या तीन काळ्या रेघा. नाव ठेवलं ते आमच्या ताईनं. पिंजरे, दाणापाणी, सुई, सगळं तिच्याकडेच. रोज सकाळी ती मला वेदना बधिर करणारं मॉर्फिन टोचायची आणि तापलेल्या पत्र्यावर ठेवायची. चटका लागला की उंदीर पाय चाटतो, मग लगेच उचलून घ्यायचं. मला सुरुवातीला चटका कळायचाच नाही. मी आपला ढिम्म! "अरे आळशीराव, झोपलास की काय?" म्हणत ताई खुदकन हसायची.

मग तेवढ्याच औषधात चटका लागायला लागला. मॅडमनी डोस वाढवला. थोड्या दिवसांत तोही अंगवळणी पडला. पहिल्याच दिवशी एवढं दिलं असतं तर मी जागच्या जागी गेलो असतो. पण माझं अंग आता हुशार झालं होतं. औषधांच्या गाड्याचं चाक कुरकुरलं, स्पिरिटचा वास आला, पंखा घरघरला, की त्याला कळायचं, सुई येणार. ते आधीच कंबर कसून बसायचं.

आज आमच्या रोजच्या खोलीला रंग लावत होते. वासानं मी शिंकून शिंकून बेजार. ताईला बघवेना. "चल रे राजा, तिकडे शांत आहे," म्हणत तिनं मला एप्रनच्या खिशात घालून पलीकडच्या रिकाम्या खोलीत नेलं. तिथं चाक नव्हतं, पंखा नव्हता. अंग गाफील राहिलं, आणि सुई आली.

मला आडवा झालेला पाहून ताई ओरडली. मॅडम धावत आल्या. "किती दिलंस?"

"रोजचंच हो! देवाशपथ, थेंबभर जास्त नाही!"

"मग इथे का आणलंस? खोली बदलायची नाही म्हटलं होतं ना?"

"शिंकत होतं हो लेकरू..."

मॅडम खालीच बसल्या. "अगं, औषध सोसायचा अंगाचा निम्मा सराव त्या खोलीचा असतो. का बदलायची नाही, ते मीच कधी सांगितलं नाही तुला." मग उतारा आणायला त्या पळाल्या. पण माझे पाय केव्हाच गार पडलेत.

मी ताईच्या तळहातावर आहे. "मीच मारलं गं बाई याला," म्हणत ती रडतेय. ताई, असं नको ना म्हणूस. माझी शेपटी सगळ्यांनी पाहिली, शिंका तू एकटीनं ऐकल्यास.

उद्या माझ्या पिंजऱ्यात दुसरा कुणी येईल. त्यालाही नाव ठेव. तो शिंकला तर त्याला पोटाशी धर, हवं तिथं फिरव. फक्त सुई तेवढी त्याच्याच खोलीत दे.