एक पाऊल खाली

मित्रांनो, मी मासेमारीची एक जुनी, बुडणारी दोरी आहे. माझ्या अंगात धातूची पूड आहे, म्हणून पाण्यात पडले की मी तळ गाठते. माझ्या तरंगणाऱ्या बहिणी उथळ पाण्यावर मिरवतात. पण हिवाळ्यात मोठे ट्राउट मासे डोहाच्या तळाशी पडून असतात, घासभर खाण्यासाठी वर यायचा त्यांना कंटाळा. त्यांच्या नाकापुढून पिसांचा खोटा मासा ओढून न्यायचा, तर मीच लागते.

मला तुरांगी गावात आणलं एव्हिसबाईंनी. तोंगारिरो नदीवर आल्या की त्या आधी पाणी निरखत, मग यजमानांना, म्हणजे डेस्मंडना, टोमणा मारत, "डेस, डोहात तरंगती दोरी? मासे काय शिडी लावून वर येणारेत?" घरी परतल्यावर मला धुऊन, पुसून, सैल गुंडाळून ठेवत.

मग एव्हिसबाई वारल्या. मी रिळावर आवळलेली पडून राहिले. अंगाला पीळ पडले, चिरा गेल्या. वाईट वाटलं का? नाही. काहीच वाटलं नाही.

एका थंड सकाळी डेस्मंडनी मलाच उचललं. आमच्या नदीची रीत अशी, की रांगेत उभं राहून दोरी फेकायची, ओढून घ्यायची आणि प्रवाहाच्या दिशेनं एक पाऊल खाली सरकायचं, म्हणजे मागच्याला जागा मिळते. डेस्मंड मात्र एव्हिसबाईंच्या आवडत्या जागेवर पोचले आणि तिथून हलेचनात.

"ओ काका, पायांना मुळं फुटली का?" मागून एक पाहुणा ओरडला.

"गप रे! त्याची बायको उभी राहायची तिथं," शेजारचे रेवी म्हणाले. "घाई असेल तर दुसरा डोह बघ."

पाहुणा वरमला. सगळी रांग थांबली.

तळाशी माशानं हिसका दिला. मी तो हिसका वर हातापर्यंत पोचवला, पण डेस्मंडची बोटं हलली नाहीत. मासा सोडून गेला. रेवी पाण्यातून त्यांच्याजवळ आले.

"डेस, ओढलं की त्यानं!"

"कळलंच नाही रे. ती गेली तेव्हाही काही कळलं नाही. रडूसुद्धा आलं नाही."

रेवींनी त्यांचे गारठलेले हात आपल्या हातांत घेऊन चोळले. "हं. टाक आता."

पुन्हा हिसका बसला. या वेळी हात झटकन वर गेला. "एव्हिस, लागला गं!" डेस्मंड ओरडले, आणि तिथंच हुंदके देऊन रडू लागले. त्या गडबडीत मासा निसटला. कुणी हळहळलं नाही.

डोळे पुसून डेस्मंड एक पाऊल खाली सरकले.

मित्रांनो, दोऱ्या धुऊन, सैल ठेवत जा. आणि कुणी एका जागी खिळलं, तर मागे जरा थांबा.