राणीचं नाक

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ जगदेव, आणि मोठी आई तुळसाबाई यांचं सगळं बोलणं अठ्ठावीस वर्षांपासून तिसऱ्याच्या मार्फत चालतं. सध्या तो तिसरा मी आहे. मी बोलायला शिकेपर्यंत दोघं बैलाशी बोलायचे म्हणतात.

भांडण राखीताईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नातलं. घरात इंग्रजांच्या वेळचे, राणीचं तोंड असलेले एकवीस चांदीचे राणीछाप रुपये होते. मोठ्या आईला त्यांचा हार करून पोरीच्या गळ्यात घालायचा होता. मोठेबाबा म्हणाले, "तुले समजत नाही. हे जुनं नाणं आहे. अजून जुनं झालं की अजून वाढंन." राखीताई खोटा हार घालून सासरी गेली, आणि मोठ्या आईनं तोंड बंद केलं.

यंदा वाशीमला नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन लागलं. जाणकार नाणी फुकट तपासून देणार होते. मोठेबाबांना नाणी विकायची नव्हती. मोठ्या आईच्या समोर जाणकारानं म्हणावं, 'जगदेवराव, तुमचं बरोबर होतं,' एवढंच त्यांना पाहिजे होतं.

"मंग तिले बोलाच लागंन," ते मला म्हणाले. मोठी आई तिथंच भाकरी थापत होती.

प्रदर्शन मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या दोन्ही खुर्च्या मंचावर तशाच होत्या. नवरदेवाच्या खुर्चीत नाणी तपासणारे धम्मरत्न सर, डोळ्याला भिंग लावून. नवरीची रिकामी होती, तिच्यात मोठेबाबा बसले. मोठी आई आणि मी बाजूला उभे राहिलो. कुणी आहेर घेऊन आलं असतं तरी नवल नव्हतं.

सरांनी एक रुपया उचलला, उलटवला, पुन्हा उलटवला.

"काका, राणी कुठं आहे?"

"त्याच्यावरच आहे."

"नाक नाही. सालपण नाही."

"साफ आहे न?" मोठेबाबा खूश झाले. "दर धनतेरसले सोता धुतो. चिंच, राखुंडी, अन् वरून काथ्या. लक्ष्मी आहे सायेब, मळकी कशी ठेवाव?"

सरांनी एकवीसही पाहिले. अठ्ठावीस दिवाळ्यांत मोठेबाबांनी राणीला आधी तरुण केलं होतं, मग लहान केलं होतं, आणि शेवटी तिला जन्मालाच येऊ दिलं नव्हतं.

"काका, जुन्या नाण्यावरचा काळेपणा हेच त्याचं वय. तुमी वयच धुतलं. आता ही नुसती चांदी. वजनावर जाईल."

मोठेबाबांनी मोठ्या आईकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती.

"एक रुपया इथं ठेवता का?" सरांनी विचारलं. "नाणी कशी धुऊ नयेत, असा फलक आहे आमचा. इतका चांगला नमुना आजवर भेटला नाही."

मोठेबाबांनी बराच विचार केला. "नाव टाकसान?"

टाकलं. 'नाणे: ओळखू येत नाही. सौजन्य: श्री. जगदेव, मु. इंझोरी.' शिवकालीन नाण्यांपुढं दोन माणसं होती. ह्याच्यापुढं रांग लागली. एका मास्तरांनी आख्खा वर्ग आणून दाखवला. पोरं वहीत उतरवून घेत होती.

मोठी आई रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं एकेक अक्षर लावून सगळं वाचलं. मग माझ्याकडे वळली.

"याले म्हण, पोरीच्या गळ्यात असते तं याच्या हाती तरी लागले नसते."

मोठेबाबा दीड हातावर उभे होते.

"काय म्हणते?"

मी सांगितलं. आमच्या घरी ऐकू येणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं.

ते फलकाकडे पाहत राहिले. मागचा माणूस म्हणाला, "सरका न काका, आमाले बी पाहू द्या." ते सरकले.

"तिले म्हण," ते म्हणाले, "माही चूक झाली."

मी म्हटलं.

"आयकलं म्हण," मोठी आई म्हणाली. "पुढं?"

"पुढं काय, म्हणते," मी मोठेबाबांना सांगितलं.

पुढचं मोठेबाबांनी काही आणलंच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बरोबर निघायचीच तयारी केली होती. ते माझ्याकडे पाहत राहिले, जणू मीच काही सांगायचं विसरलो होतो. मीही आठवून पाहिलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली, मग पदर खोचून स्टँडकडे निघाली.

बसमध्ये मी दोघांच्या मधे बसलो. इंझोरी येईपर्यंत कुणीच मला काही सांगितलं नाही.