बंकट महाराज आणि तुटलेले सर्व्हर

दिंद्रुडच्या दूध संकलन केंद्रावर त्या गुरुवारीही दूधवाल्यांची दाटी झाली. कॅन खाली ठेवून सगळे भिंतीवरच्या पडद्याकडं बघत होते. पडद्यावर तीन हिरवे ठिपके, म्हणजे मुंबईत भाड्यानं घेतलेले तीन सर्व्हर. दर गुरुवारी त्यातले दोन लाल व्हायचे, दुधाची नोंद थांबायची आणि गावातल्या बंकट महाराजांनी मंत्र म्हणत लिंबू कापलं की पुन्हा हिरवे व्हायचे.

"मुंबईची यंत्रं महाराजांच्या हाकेला येतेत," दूधवाले सांगायचे.

यंत्रणा सांभाळायला अंबाजोगाईहून नवीनच आलेल्या वर्षाराणीला हे पटेना. सर्व्हर पडतात, पण वार बघून पडत नाहीत. शिवाय ते पडताना महाराजांचा शिष्य, सुपरवायझर गहिनीनाथ, हमखास मोबाईलमध्ये डोकं घालून उभा असायचा. महाराजांनी दोष काढला होता नोंदी करणाऱ्या मंगलचा. विधवेची सावली यंत्राला बाधते म्हणे! मालक त्रिंबकरावांनी तिला घरी बसवलं, आणि तिच्या जागेवर गहिनीनाथची बायको यायची होती.

वर्षाराणीनं गुपचूप सर्व्हरचा पासवर्ड बदलला आणि मंगलला बोलावून घेतलं.

"बाई दारातच उभी हाय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "आता यंत्रं तुटतेत बघा."

ठिपके हिरवेच राहिले.

"तुटतेत. बाधा जड हाय, तिला येळ लागतो."

गहिनीनाथ मोबाईलच्या स्क्रीनवर अंगठा घासून घामाघूम झाला. शेवटी न राहवून बोलून गेला, "ताई, पासवर्ड बदलला का?"

"तुमाला कावून पाहिजे?" वर्षाराणीनं विचारलं.

गहिनीनाथनं मोबाईल खिशात सरकवला. मग तिनं सगळ्यांदेखत स्वतःच दोन सर्व्हर बंद केले. दोन ठिपके लाल.

"तीन सर्व्हरपैकी दोघांचं जुळलं तरच नोंद होते. एकट्याच्या शब्दावर नाही. म्हणून काम थांबलं. महाराज, आणा त्यांना परत."

महाराजांनी एक लिंबू कापलं, दुसरं कापलं, आवाज चढवला. ठिपके लालच.

"आता तुमी गप बसा," असं म्हणून तिनं सर्व्हर सुरू केले. "सोबतच्या सर्व्हरचे पत्ते या यंत्रांना ठाऊक असतात. सुरू झाले की तिथं जाऊन ओळख पटवतात, चुकलेल्या नोंदी मागून घेतात आणि आपोआप गटात बसतात. गहिनीनाथ आधी मोबाईलवरून बंद करायचे, मंत्र सुरू झाला की चालू करायचे."

एक ठिपका हिरवा झाला, मग दुसरा. महाराज चपला शोधू लागले.

त्रिंबकराव ओशाळून म्हणाले, "मंगल, उद्यापासून कामावर ये."

"येते," मंगल म्हणाली. "पन माझा दोष नव्हता, हे आत्ता सगळ्यांसमोर सांगा."

त्रिंबकरावांना उभं राहून ते सांगावं लागलं.

वर्षाराणी दूधवाल्यांकडं वळली. "यंत्र बंद पडलं तर ते का पडलं, एवढं विचारा. कोणाच्या पायगुणानं पडलं, हे विचारू नका. एक प्रश्न विचारला असता, तर ही बाई घरी बसली नसती."

मंगल दुधाच्या वजनकाट्याजवळ गेली आणि पहिला कॅन पुढं ओढला.