दुपारी दोन ते पाचचं रेकॉर्डिंग

मंजूषाताईंनी नागपूरहून मेसेज पाठवला होता, ‘हार्ड डिस्क चार टीबीचीच घ्या’, आणि तेवढ्या एका कारणासाठी रेवतीने एक टीबीची घ्यायचं ठरवलं होतं.

नेहरू नगरातल्या दुकानदाराला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने दोन डिस्क काउंटरवर मांडल्या आणि मन लावून समजावू लागला. “भाभीजी, कंप्यूटर वाली मत लीजिए, चौबीस घंटे का बोझ नहीं झेलेगी. ये कैमरे के लिए ही बनी है. आपके चार कैमरे हैं, तो एक टीबी में दस-बारह दिन आएँगे, फिर पुराना अपने आप मिटता जाएगा. महीना भर रखना है तो चार टीबी ले जाइए.”

“एक ही दीजिए. और रखना महीना भर है.”

“फिर मोशन पे डाल देता हूँ. कोई हिलेगा-डुलेगा तभी रिकॉर्ड होगा, वरना मशीन चुप. और थोड़ा मोटा सेट करूँगा, नहीं तो पंखे और पर्दे से ही डिस्क भर जाएगी.”

“डाल दीजिए,” रेवती म्हणाली. नणंदेची मोठी डिस्क दुकानातच ठेवून आल्याचा आनंद तिला घरी पोचेपर्यंत पुरला.

भांडण अर्थातच डिस्कचं नव्हतं. रेवतीच्या सासूबाईंना, लीलावतीबाईंना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या पलंगावर होत्या. डावी बाजू गेलेली, बोलणं अडखळत, आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. मागच्या खेपेला मंजूषाताईंना आईच्या कोपराजवळ काळानिळा डाग दिसला. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी नुसत्या धक्क्यानेही असे डाग पडतात, हे डॉक्टरांनी सांगितलं, रेवतीने सांगितलं, तिच्या नवऱ्याने, गिरीशनेही सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आईला इथे कोणी बघत नाही. नागपूरला अशा रुग्णांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे, मी चौकशी केली आहे.”

म्हणजे ज्या बाईने दीड वर्षात आईचं एक पांघरूण धुतलं नव्हतं, ती आता आईला संस्थेत ठेवणार होती, आणि तेही रेवतीवर ठपका ठेवून. रेवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिरीश सचिवालयात नोकरीला होता, दोन्ही बाजूंचं ऐकून फाइल पुढे सरकवायची सवय त्याला तिथे लागली असावी. त्याने तोडगा काढला की घरात कॅमेरे लावू, ताईने महिन्याने येऊन रेकॉर्डिंग पाहावं आणि मग आई कुठे राहील ते ठरवावं. बायकोवर पहारा बसवतोय, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नाही.

रेवतीने अट घातली, ती एकच. मोबाइलवर कोणाला काही दिसणार नाही, रेकॉर्डर इंटरनेटला जोडायचा नाही. “बघायचं असेल तर इथे यावं. नागपूरच्या सोफ्यावर बसून मला बघायची गरज नाही.” ताईंनी हेही मान्य केलं, कारण त्यांना घाई नव्हती, पुरावा हवा होता.

कॅमेरे लागले. एक फाटकावर, एक व्हरांड्यात, एक स्वयंपाकघरात, एक लीलावतीबाईंच्या खोलीत. स्वयंपाकघरातला सगळ्यात जास्त अपमानाचा होता. रेवती पहिले चार दिवस त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरायची, मग तिला त्याचाही कंटाळा आला.

दुपारचा क्रम मात्र बदलला नाही. जेवण भरवून झालं की दोनच्या सुमाराला सासूबाईंना झोप यायची, पण कोणीतरी हात धरला तरच. हात सुटला की त्या दचकून उठायच्या आणि लहान मुलासारख्या रडायच्या. म्हणून रेवती उशाशी स्टुलावर बसायची आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची. पाचपर्यंत. मोबाइल नाही, पुस्तक नाही, जागेवर चुळबूळ नाही. सासूवर तिचं फार प्रेम होतं असं नाही. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं त्याच सासूने तिला पुरेसं रडवलं होतं. पण ते रडणं ऐकवत नसे, आणि हात धरला की ते थांबे, एवढंच.

बरोबर महिन्याने मंजूषाताई आल्या. चहा घेतला नाही. टीव्हीला रेकॉर्डर जोडायला लावला आणि वही उघडून बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. पहिल्या दिवसाची सकाळ त्यांनी मन लावून पाहिली, दुसऱ्या दिवशीची पळवत पाहिली. मग पडद्याच्या खालच्या पट्टीवर त्यांचं लक्ष गेलं. रेकॉर्डिंग असेल तिथे पट्टी हिरवी होती, नसेल तिथे रिकामी. रोज दुपारी ती रिकामी होती.

“रेवती, दोन वाजून पाच मिनिटांनी तू आत येतेस, स्टुलावर टेकतेस. पुढे काही नाही. एकदम पाच वाजता पलंगाजवळ उभी. मधे काय?”

“मधे मी बसलेली असते. कोणी हललं तरच मशीन रेकॉर्ड करतं. आम्ही हलत नाही.”

“तीन तास?”

“तीन तास. बाहेर गेले असते तर जाताना दिसले नसते का?”

मंजूषाताईंनी वही मिटली. “तेच म्हणते मी. दिसायला हवी होतीस. दिसत नाहीस, म्हणजे तेवढं पुसलंस. मशीन तुझ्याच घरात आहे. रोज दोन ते पाच, महिनाभर. त्या वेळात असं काय चालायचं या खोलीत, की ते पुसावं लागलं?”

गिरीश रिमोटची बटणं चाळवत होता. त्या क्षणी रेवतीला नणंदेपेक्षा नवऱ्याचा जास्त राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. चार टीबीची डिस्क घेतली असती तर सगळं चोवीस तास लिहिलं गेलं असतं. नणंदेची खोड मोडायला म्हणून तिने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि ते कबूल करायची तिची मुळीच तयारी नव्हती.

घड्याळात दोन वाजत आले होते. “आज तुम्ही बसा,” ती म्हणाली. “हात धरून. सोडलात तर त्या उठतील, मग मला हाक मारू नका.”

“बसते की. माझी आई आहे ती.”

मंजूषाताई आत गेल्या. रेवती दाराबाहेर जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली, मुद्दाम, दार सताड उघडं ठेवून. ताई दहा मिनिटांत उठतील याची तिला खात्री होती आणि ते तिला पाहायचं होतं. पण ताई उठल्या नाहीत. अर्धा तास गेला, तास गेला. त्यांची मान अवघडलेली दिसत होती, हात मात्र तसाच होता. सासूबाईंचा श्वास संथ लागला होता.

तीनच्या पुढे केव्हातरी लीलावतीबाई डोळे न उघडता पुटपुटल्या. जड जिभेने, तुटक, पण दारापर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

“रेवती... आज अंगठी का गं घातलीस... टोचते.”

मटार सोलणारे हात थांबले. रेवतीच्या बोटात अंगठी नव्हती, आजारपण घरात आल्यापासून तिने ती घातलीच नव्हती. मंजूषाताईंच्या बोटात पुष्कराज होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. दोघींची नजरानजर झाली आणि ताईंनी आधी मान वळवली. रेवतीला आनंद झाला, अगदी उघड, खुनशी आनंद, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

ताई पाचपर्यंत बसल्या. हात सोडला नाही.

मग गिरीशने रेकॉर्डर लावला. दोन वाजून चार मिनिटांनी मंजूषाताई आत येतात, स्टुलावर बसतात. नंतर पट्टी रिकामी. एकदम पाच वाजता मंजूषाताई पलंगाजवळ उभ्या. गिरीशचा चेहरा उजळला. “बघ ताई, तूसुद्धा नाहीस त्यात.”

“दिसलं मला.”

“आई काही बोलली का?”

“नाही,” मंजूषाताई म्हणाल्या. “झोपली होती.”

कॅमेरे आवाज टिपत नव्हते, त्यामुळे ते वाक्य कुठेच नोंदलं गेलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्या दोघींपैकी एकीने ते आत्ताच नाकारलं होतं. रेवतीने वाट पाहिली.

बराच वेळ ताई अंगठी बोटात फिरवत राहिल्या. मग गिरीशकडे बघत म्हणाल्या, “आई इथेच राहू दे. पण ती डिस्क बदलून घ्या. मोठी घ्या, म्हणजे दुपारचंही येईल.”

“डिस्क बदलणार नाही,” रेवती म्हणाली. “दुपारी कोण बसतं ते आईंना माहीत आहे. आता तुम्हालाही माहीत आहे.”

मंजूषाताईंनी वही पर्समध्ये घातली. माफी त्यांनी मागितली नाही, आणि मागितली असती तरी रेवतीने ती दिली नसती.