फिल्म फिरवली का?

माझे सासरे चोर आहेत असं मी म्हणणार नाही. पण माझ्या टेबलावरची बारीक ड्रिलं पाय फुटल्यासारखी नाहीशी होतात आणि त्यांच्या टेबलावर सापडतात, एवढं खरं. मागच्या खोलीत आमची दोघांची टेबलं शेजारी शेजारी आहेत. मी दवाखान्यांसाठी कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवते. बाबा कॅमेरे बनवतात. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, काडेपेटीत मावतील एवढ्या. आणि चालणाऱ्या! भिंग खऱ्या काचेचं, बटण दाबलं की आतला पडदा उघडून मिटतो आणि कापून बसवलेल्या फिल्मवर नखाएवढा फोटो उमटतो. कोणी कौतुकाने जरी ‘खेळणं’ म्हणालं तरी बाबांचा पारा चढतो.

या वेळचा कॅमेरा त्यांनी करायला घेतला तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आलो त्याच दुपारी. डॉक्टर म्हणाले होते, नजरेचा मधला भाग हळूहळू जाईल, कडा राहतील.

“म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे कान दिसणार, तोंड नाही,” बाबा म्हणाले. डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी टेबलावरचा दिवा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नजर आहे तोवर तुझ्या सासूचा एक फोटो काढायचाय. मोठा करून, भिंगाखाली धरून नीट बघायचाय. बाकी काही नाही राहिलं माझं.”

ऐकायला एवढंसं वाटतं. पण पूर्वी फोटोचा स्टुडिओ चालवताना बाबांनी अख्ख्या गावाचे फोटो काढले आणि आईंचा एकही नाही, कारण आई त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसतच नाहीत. याचं मूळ त्यांच्या लग्नाच्या फोटोत आहे.

स्वतःच्या लग्नाचा फोटो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर काढू देतील तर ते बाबा कसले! त्यांनी आपलाच कॅमेरा स्टँडवर चढवला, एकावर एक दोन भिंगं असलेला, वरून मान खाली घालून बघायचा. मित्राला बटणापाशी उभं केलं आणि स्वतः नवरीशेजारी जाऊन ऐटीत बसले. फक्त, सकाळी एका गिऱ्हाइकाच्या बाळाचा फोटो काढल्यावर फिल्म पुढे सरकवायची राहून गेली होती. त्या कॅमेऱ्यात बटण दाबण्याआधी ओढायचा खटका वेगळा आणि फिल्म पुढे सरकवायची घुंडी वेगळी. घुंडी फिरवायला विसरलात तर तो हूं की चूं करत नाही, पहिल्या फोटोवरच दुसरा काढून मोकळा होतो. त्यामुळे लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत नवरीच्या तोंडावर बरोबर त्या बाळाने भोकाड पसरलं आहे.

“लग्नातच बाळ झालं म्हणून लोक पोट धरून हसले,” आई अजून सांगतात आणि सांगताना अजून लाल होतात. त्यानंतर घरातल्यांचा फोटो काढायची वेळ आली की त्यांना नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी उतू चाललेलं आठवतं. शिवाय बाबा कॅमेरा घेऊन दारापर्यंत पोचले की आतून हाक ठरलेली, “फिरवली का?” स्टुडिओ बंद झाला, पण हाक बंद झाली नाही. आता गॅस, नळ, दाराचं कुलूप, सगळ्यासाठी आमच्याकडे तेच विचारतात.

तर बाबांनी करायला घेतला तो हाच कॅमेरा.

“बाबा, यात एक छोटा अडसर बसवू,” मी म्हटलं. “फिल्म पुढे सरकल्याशिवाय बटण दबणारच नाही.”

“मूळ कॅमेऱ्यात नव्हता.”

“मूळ कॅमेऱ्याने काय दिवे लावले ते माहीत आहे मला!”

“नक्कल करायची तर खोडीसकट,” म्हणाले. विषय संपला. हट्टीपणाची कवळी बनवता आली असती तर मी यांचंच माप घेतलं असतं.

काम पुढे गेलं तशी त्यांची नजर मागे पडत गेली. सरळ बघितलं की स्क्रू गायब व्हायचा, म्हणून मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. शेवटचे स्क्रू मीच माझ्या चिमट्याने बसवले. एकदा असंच बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. मी हातातल्या कवळीत तोंड खुपसलं आणि दिसलंच नाही असं दाखवलं. फार माया आहे माझी या माणसावर, ड्रिलं चोरतात तरीही.

कॅमेरा पुरा झाला तेव्हा त्यांनी तो आईंच्या तळहातावर ठेवला. “तुझ्यासाठी केलाय. एकदाच बस. पुन्हा नाही म्हणणार.”

आईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “एवढ्याशात मी मावेन का?” म्हणाल्या, आणि चक्क कपडे बदलायला गेल्या.

बाबांची तारांबळ उडाली. बाथरूममध्ये अंधार करून त्यांनी फिल्म भरली. त्या कामाला त्यांना डोळे लागतच नाहीत. फिल्म ओठाला लावायची, जी बाजू चिकटते ती भिंगाकडे करायची. मी मागच्या खोलीत स्टुडिओतला काळा पडदा टांगला आणि त्याच्यापुढे दोघांपुरतं छोटं बाक ठेवलं. समोर स्टँडवर कॅमेरा बसवला.

“ती यायच्या आत एक काढून बघू, खटका अडकत नाही ना,” म्हणून बाबा बाकावर डावीकडे बसले. मी बटण दाबलं. टिक. तेवढ्यात आई दारात उभ्या दिसल्या. केस नीट विंचरलेले, मान ताठ. बाबा धडपडत उठले, खटका ओढला, कॅमेऱ्यावर वाकले.

“मधे बस.”

आई उजव्या टोकाला बसल्या.

“अगं, मधे!”

“काढायचाय तर काढा, नाहीतर मी चालले.”

बाबा माझ्या कानाशी आले. “मला कडेचं दिसतं ना, म्हणून कडेला बसलीये,” म्हणाले, आणि जाऊन बटण दाबलं. टिक.

मला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. काय ते उमगलं नाही.

संध्याकाळी बाथरूमच्या दाराच्या फटीत चादर कोंबून, लाल दिव्यात आम्ही फोटो मोठा केला. औषधाच्या पाण्यातल्या कागदावर आधी आईंचे केस आले, मग नाक, मग हसू. आणि मग डाव्या बाजूला आणखी कोणीतरी यायला लागलं.

“आली का?” बाबांनी विचारलं.

“आल्या. छान हसतायत.”

“मग तू गप्प का?”

सांगणं भाग होतं. “बाबा, तुम्हीपण आलात.”

त्यांना क्षणात कळलं. पालथ्या बादलीवर मटकन बसले. “परत तेच. आता कुठल्या तोंडाने सांगू तिला?”

बाहेरून दार वाजलं. “झालं का?”

मी निथळता कागद घेऊन बाहेर आले. आईंनी तो बघितला आणि त्यांना जराही नवल वाटलं नाही. मागून बाबा आले. “फिरवायची राहिली गं. चुकलो.”

“माहीत आहे. मी दारातून बघत होते. घुंडीला हातसुद्धा लावला नाहीत.”

“मग विचारलं का नाहीस? जन्मभर विचारतेस, आणि आजच?”

“विचारलं असतं तर फिरवली असतीत.”

बाबांनी ओले हात सदऱ्याला पुसले.

“एकटीचा फोटो घेऊन काय करू?” आई म्हणाल्या. “आपला लग्नाचा राहिलाय ना.”

“म्हणून कडेला बसलीस?”

“मधे बसले असते तर तुमच्या मांडीवर निघाले असते. सुनेसमोर!”

बाबांनी कागद दिव्याखाली नेला. भिंग धरलं, मान वाकडी केली, स्वतःला ओलांडून हळूहळू आईंपर्यंत गेले आणि तिथे थांबले. काळ्या पडद्यापुढे दोघं एका बाकावर शेजारी बसली होती, मधे कोणाचंही बाळ नव्हतं.

“किती हसतेस गं,” बाबा म्हणाले.

“समोर माझा नवरा तीच चूक पुन्हा करत होता. हसू नाही येणार?”

मग आई ताटं घ्यायला आत गेल्या. जेवायला दोनदा हाक मारली, तरी बाबांनी भिंग खाली ठेवलं नाही.