गावी न्यायच्या बॅगेतली धाकटी

मित्रांनो, टेबलावर ठेवली की जिची घरघर ऐकू येते आणि उचलताना सगळे जिच्याबद्दल "सांभाळून!" म्हणतात, ती मी, एक जुनी हार्ड डिस्क. मुक्काम कतारमधलं दोहा, तिथल्या अल मुंतझा भागातला नसरुद्दीनभाईंचा फ्लॅट. माणसं मूळची रत्नागिरीकडची. नसरुद्दीनभाई एका कंपनीत क्लार्क. घरात बायको रुकैया आणि मुलगी नूरैन.

माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. वीज मिळाली की त्या गरगर फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावर न टेकता वाचते, लिहिते. चालू असताना धक्का बसला, तर दांडी चकतीला घासते आणि तिथलं कायमचं जातं. नूरैन लहान असताना कार्टून बघता बघता तिचा पाय वायरीत अडकला आणि मी खाली आपटले. तेव्हापासून मधूनच टक्-टक् करते. म्हातारपणाचा खोकला म्हणा.

कामाला मात्र मी कधी नाही म्हटलं नाही. समैस्माच्या किनाऱ्यावरचे फोटो माझ्याकडे, ज्यांत नसरुद्दीनभाई दरवेळी पोट आत ओढून उभे. आणि सगळ्यांत मोलाची म्हणजे ताहेरुन्निसानानींची मेंदीची गाणी. नानी रुकैयाची आई. त्या व्हिजिट व्हिसावर इथे आल्या होत्या, तेव्हा रुकैयाने स्वयंपाकघरात फोन ठेवून ती भरून घेतली. मागे भांड्यांचा आवाज, मधेच "अगो, गॅस बारीक कर," तेही गाण्यातच. पुढे नानी गावी वारल्या. फोनही गेला. गाणी तेवढी माझ्यापाशी राहिली.

मग घरात एसएसडी आली. काड्यापेटीएवढी, हलकी, माझी धाकटी बहीणच. तिच्या पोटात काहीच फिरत नाही. सगळं चिपमध्ये विजेच्या भारावर साठतं. म्हणून ती आवाज करत नाही, पडली तरी सहसा बिघडत नाही, आणि ज्या कामाला मी दुपार घालवते, ते ती चहा उकळेपर्यंत उरकते. नसरुद्दीनभाईंनी माझ्यातलं सगळं तिच्यात उतरवलं आणि तिला परत खोक्यात घातलं.

आता इथल्या माणसांची एक रीत ऐका. चांगली वस्तू आली, की ती गावी न्यायच्या बॅगेत जाते. साबण, अत्तर, ब्लँकेट, टॉर्च, सगळं तिकडे. इथे आपण जुन्यावर भागवायचं. एसएसडीही त्याच बॅगेत गेली. "भावाकडे एक कॉपी राहील. खलास, काळजी मिटली!" नसरुद्दीनभाई म्हणाले. फ्लॅट लहान, म्हणून बॅग बाल्कनीत. या ना त्या कारणाने गावी जाणं लांबत गेलं आणि उन्हाळ्यामागून उन्हाळे बॅग तिथेच भाजत राहिली.

यंदा नूरैनचं लग्न ठरलं. मेंदीला नानींचा आवाज घरात घुमला पाहिजे, एवढाच रुकैयाचा हट्ट होता.

जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली. नसरुद्दीनभाईंनी मला लॅपटॉपला जोडलं. "आमच्या कंपनीतल्या ड्रायव्हर सुदामला सिनेमे भरायला डिस्क हवी आहे. हिला पुसून देऊन टाकतो. सगळं नवीत आहेच."

"येस अब्बा, जस्ट फॉरमॅट इट," नूरैन म्हणाली. "मिक्सरसारखी वाजते ती."

मिक्सर! मला पाडणारीनेच हे म्हणावं!

रुकैया पीठ मळत होती. तशाच हातांनी बाहेर आली. "थांबा. आधी त्या नवीला गायला लावा, मग हिला पुसा."

"अगो, ती कोरी करकरीत आहे. एकदासुद्धा वापरली नाही!"

"म्हणूनच म्हणते."

बॅग आली, खोकं उघडलं. गाण्यांची नावं पडद्यावर दिसली, पण एक गाणं सुरू होऊन अडकलं, दुसरं उघडेचना. मित्रांनो, यात धाकटीचा दोष नाही. तिला अधूनमधून वीज लागते. वर्षानुवर्षं मिळाली नाही, तर तिच्यातला भार हळूहळू झिरपून जातो, उष्णतेत तर आणखी लवकर. जपून ठेवायच्या नादात तिला उपाशी ठेवलं होतं.

नसरुद्दीनभाईंचं बोट बटनावरून झटक्यात मागे आलं. आता कुणी मला मिक्सर म्हणेना. मी टक् केलं; तिघंही माझ्यावर वाकली. मग चकत्या फिरल्या. एकेक गाणं लॅपटॉपमध्ये उतरू लागलं.

शेवटचं, नवरीच्या पाठवणीचं, मात्र त्या कार्टूनच्या दिवशी खरचटलेल्या जागेला लागून होतं, आणि तो ओरखडा इतक्या वर्षांत पसरत आता त्याच्यापर्यंत पोचला होता. नानींचा आवाज मधेच तुटला. मी पुन्हापुन्हा दांडी फिरवली. नाही जमलं.

तेवढ्यात रुकैयाने पुढची ओळ उचलली. हाताला पीठ तसंच, आवाज जरा चिरका, पण चाल नानींचीच.

एरवी आईला इंग्रजीतून उत्तर देणारी नूरैन म्हणाली, "अम्मी, परत म्हण ना. हळू." आणि तिने फोन पुढे धरला.

गाणं पुरं झालं, माझ्यात भरलंही गेलं. मधेच ऐकू येतं, "अगो नूरैन, गॅस बारीक कर!"

सुदामला दुसरी डिस्क मिळाली. एसएसडी नव्याने भरली, एक कॉपी भावाकडे गेली. आम्ही दोघी आता आतल्या कपाटात असतो आणि दर ईदला आम्हाला जोडून गाणी ऐकली जातात.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी बॅग असेल. ती एकदा उघडून बघा. एकीवरच विसंबू नका, माझ्यावर नाही आणि धाकटीवरही नाही. आणि घरात कुणाला गाणं येत असेल, तर आधी त्यांना गायला लावा. आम्ही त्यानंतर आहोतच.