मागून ठीक आहे ना, साहेब?

मी मागचा आरसा बोलतोय. सलूनमध्ये भिंतीवर जो भलामोठा आरसा असतो, तो मी नव्हे. त्याच्यासमोर लोक भांग पाडतात, मिशीला पीळ देतात, स्वतःवरच खूश होतात. केस कापून झाले की खुंटीवरून काढून तुमच्या मानेमागे जो छोटा गोल आरसा धरतात, तो मी. "मागून ठीक आहे ना?" असं विचारलं जातं, तुम्ही मान डोलावता आणि मी परत खुंटीवर. नीट बघत कुणीच नाही. फार तर एखादा म्हणतो, "कानामागे जरा अजून."

भिंतीवरच्या मोठ्या आरशाची काच कापल्यावर जो तुकडा उरला, त्यातून मला घडवलं, पत्र्याची कड बसवली आणि पाठीला पुठ्ठा लावला. उरल्यासुरल्यातून जन्मलो म्हणून असेल, मी मनात ठेवणारा आहे. कुणी मला हिणवलं की मी डूख धरतो. अध्यक्षांवर मी असाच डूख धरला होता आणि त्या अपमानाचं उट्टं काढलं. ते कसं, हे सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझ्या धन्याचं सलून बाजाराच्या मधोमध आहे. शेजारी शिंपीकाकांचं दुकान. भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या मशीनची खडखड आणि आमच्या कात्रीची कचकच दिवसभर एकमेकींना उत्तर द्यायच्या. मग साथ आली आणि सगळं बंद झालं. पहिल्यांदा कुणी कुरकुर केली नाही. सगळेच घाबरले होते. पण बंदी एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली, आणि गावाचे सरळ दोन तट पडले. ज्यांचा पगार किंवा पेन्शन घरबसल्या येत होतं ते म्हणायचे, अजून वाढवा. ज्यांना शटर वर केल्याशिवाय चूल पेटवता येत नव्हती ते म्हणायचे, आता पुरे.

आमच्या घरात तर दोन्ही तट एका जिन्यावर होते. धन्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, हॉस्पिटलात नर्स. ती वरच्या खोलीत एकटी राहायची आणि खाली आली तरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच बोलायची. मी धन्याच्या पिशवीत, दाराच्या खिळ्याला. सगळं ऐकायचो.

"अजून तीन आठवडे तरी बंदच हवं रे," ताई म्हणाली. "वॉर्डात खाट शिल्लक नाही."

"ताई, तीन आठवड्यांनी माझं दुकान राहील का? भाडं द्या नाहीतर गाळा खाली करा, असं गाळामालकाने तोंडावर सांगितलंय."

"दुकान परत उभं करता येतं."

"तुझा पगार चालू आहे ना, म्हणून तुला सोपं वाटतं."

ताई वर निघून गेली. त्यानंतर चार दिवस ती जिन्यावर दिसलीच नाही. ड्यूटीवरून आली की कुठेतरी बाहेर निघून जायची. धन्याला वाटलं, रुसली. मलाही तसंच वाटलं.

आता अध्यक्षांकडे वळतो. हे गृहस्थ निवृत्त प्राचार्य, नगर समितीचे अध्यक्ष. बंदी वाढवायचा ठराव दर वेळी तेच मांडायचे, आणि दर पंधरा दिवसांनी धन्याला मागच्या दाराने घरी बोलावून घ्यायचे. न्हाणीघरात स्टुलावर बसायचे आणि सांगायचे, "पुढचे केस वाढू दे, दाढीही राहू दे. लोकांना दिसतं ते. मागे फार उकडतं, तेवढं साफ कर." मला त्यांनी कमोडच्या झाकणावर ठेवायला लावलं. एकदा नाही, चार वेळा. धनी निमूटपणे ठेवायचा. मी निमूट राहणाऱ्यातला नाही.

तेही गिळलं असतं. पण एके दिवशी धन्याने कात्र्यांना गंज चढू नये म्हणून शटर गुडघ्याइतकं वर केलं आणि आत जाऊन तेल घालत बसला. अध्यक्ष तिथून चालले होते. त्यांनी फोटो काढला, तक्रार केली आणि संध्याकाळच्या आत दुकानाला सील लागलं. आदल्याच आठवड्यात त्यांच्या मानेवरून वस्तरा फिरवला तो धन्याच्याच हातांनी. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाचं नाक कापल्याशिवाय राहायचं नाही. बहुतेक धन्यानेही तेव्हाच ठरवलं असावं, कारण दोनच दिवसांनी चौथ्या मुदतवाढीची सभा लागली तेव्हा त्याने मला पुसलं आणि शर्टाच्या आत सरकवलं.

सभा शाळेच्या मैदानावर होती. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. अध्यक्ष मंचावर भिंतीकडे पाठ करून बसले होते, कपाळावर झुलपं, दाढी छातीकडे निघालेली. "मी स्वतः तीन महिने केसांना कात्री लावलेली नाही," ते माईकवर म्हणाले. "एका सलूनमधून सगळ्या गावात रोग जाऊ शकतो." पुढच्या रांगेतले शिंपीकाका ओरडले, "मग आम्ही भुकेने जावं का?" बराच गलका झाला.

मग ताईचं नाव पुकारलं. तिच्यानंतर धन्याचं होतं, म्हणून तो मंचावर येऊन अध्यक्षांच्या खुर्चीमागे उभा राहिला. ताईच्या हातात एक कागद होता. वॉर्डात कोण कोण पडलंय ते तिने सांगितलं. हमाल, भाजीवाली, दोन रिक्षावाले, सगळी बाजारातलीच माणसं. मैदान शांत झालं. "आणि दुसरी गोष्ट," ती म्हणाली.

तेवढ्यात अध्यक्षांनी आपला माईक पुढे ओढला. "बघा, सलूनवाल्याची सख्खी बहीणसुद्धा बंदच मागतेय."

धन्याचं डोकं फिरलं. त्याने मला बाहेर काढलं, अध्यक्षांच्या मानेमागे धरलं आणि रोजच्या, अगदी धंद्यातल्या आवाजात विचारलं, "मागून ठीक आहे ना, साहेब?"

आणि अध्यक्षांनी सवयीने मान खाली घातली. माईक चालूच होता. "कानामागे जरा अजून," ते म्हणाले.

धन्याने मला किंचित तिरकं केलं. पुढच्या तिन्ही रांगांना माझ्यात ती मान दिसली, ताजी, गुळगुळीत. मी जीव तोडून चमकलो. आधी शिंपीकाका हसले, मग सगळं मैदान. अध्यक्ष उठून उभे राहिले, काहीतरी बोलले, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. ताईही माईकपाशी बोलत होती. तिचंही कुणाला ऐकू गेलं नाही. त्याच हशात हात वर झाले आणि ठराव पडला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला.

अध्यक्षांनी पद सोडलं. अजूनही रस्त्यात पोरं त्यांना मागून विचारतात, "ठीक आहे ना, साहेब?" याचा मला आनंद आहे. खोटं कशाला बोलू, मला विचाराल तर त्यांना हे कमीच झालं.

शिंपीकाकांनी पहिल्याच दिवशी दुकान उघडलं. सतराव्या दिवशी त्यांना ताप भरला. ताईच्याच वॉर्डात होते. परत आले नाहीत.

त्यांचं शटर पडलं त्या आठवड्यात ताई सलूनमध्ये आली. खुर्चीत बसली नाही. तोच कागद तिने फळीवर ठेवला. "त्या दिवशी दुसरा मुद्दा राहिला होता," म्हणाली. "वाच."

दुकानं तीन आठवडे बंद ठेवायची, तेवढ्या दिवसांचं भाडं घ्यायचं नाही आणि कुणालाही गाळा सोडायला लावायचं नाही, असं लिहिलं होतं. खाली बाजारातल्या सगळ्या गाळामालकांच्या सह्या होत्या. पहिली सही आमच्या गाळामालकाची. ते चार दिवस ताई त्यांचेच उंबरे झिजवत होती.

"आधी का नाही सांगितलंस?" धन्याने विचारलं.

"सगळ्यांसमोर सांगणार होते," ती म्हणाली आणि ड्यूटीवर गेली.

आता पलीकडून मशीनची खडखड येत नाही. शिंपीकाकांसाठी कुणावर तरी डूख धरावा म्हणून मी शोधत असतो. अध्यक्षांवर धरून बघतो, पण तो तिथे टिकत नाही. त्या मंचावरचा धन्याचा हात दिसतो, आणि त्या हातात मी. त्या हाताने मला एकदा फरशीवर आपटावं, एवढंच माझं मागणं आहे. तो मात्र रोज सकाळी मला पुसतो आणि खुंटीवर टांगतो.